यंदा मान बचावफळीचा

गोल करणाऱ्याला सगळे खांद्यावर घेतात. अडवणाऱ्याचं नाव चुकल्यावरच निघतं. मैदानावरच्या पोरांनाही फॉरवर्डच व्हायचं असतं, म्हणून हा अंक बचावपटूंचा. सुरुवात आयर्लंडच्या फुटबॉलपटू पॉल मॅकग्रापासून.

डब्लिनच्या अनाथाश्रमांत वाढलेला हा गडी. गुडघ्यांवर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या, की ॲस्टन व्हिला या क्लबात त्याचा सराव जवळपास बंदच होता. तरी १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी वर्षातला सर्वोत्तम म्हणून त्यालाच निवडलं! १९९४ च्या विश्वचषकात आयर्लंडने इटलीला १-० असं हरवलं. गोल हाउटनचा, पण इटलीच्या बाज्जो आणि मंडळींना थोपवलं मॅकग्राने; एक फटका तर थेट तोंडावर झेलला.

दारूच्या व्यसनाबद्दल तो आत्मचरित्रात मोकळेपणाने बोलला आहे. आम्हीही ती बाजू झाकलेली नाही.

तुमच्या मैदानावरचा असा बचावपटू कोण? जरूर कळवा; निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.