वाजवणाऱ्याचंही नाव घ्या



‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ सालची ध्वनिमुद्रिका आजही लोक आवडीनं ऐकतात. संतूरवर शिवकुमार शर्मा आणि बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, ही नावं सगळ्यांना पाठ. पण त्यातच गिटार आडवी धरून राग आळवणारे ब्रिजभूषण काब्रा किती जणांना ठाऊक आहेत? तबल्यावर माणिकराव पोपटकर होते, हे तर आपल्या मराठी माणसालाही सांगावं लागतं.

हेच आपल्या वऱ्हाडात खंजिरीवाल्यांचं झालं आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी श्रमदानाचा, ग्रामसुधारणेचा विचार याच खंजिरीच्या तालावर खेड्यापाड्यांत नेला आणि १९३५ साली मोझरीत गुरुकुंज आश्रम उभा केला. अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीचे सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या वाजवत समाजप्रबोधन करतात. अशी मोजकी नावं सोडली, तर गावच्या भजनी मंडळात खंजिरी कोणाच्या हातात आहे, हे कोणी विचारतही नाही.

खंजिरी लहान दिसते, पण सोपी नाही. एका हातानं लाकडी कडं तोलायचं, दुसऱ्या हाताच्या बोटांनी चामड्यावर बोल काढायचे, आणि कड्यातल्या झांजाही लय सोडून वाजू द्यायच्या नाहीत. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, आवाज बसतो. ते सांभाळायचं तंत्र वेगळंच. रात्रभराच्या भजनात गाणारे आळीपाळीनं दम खातात, वाजवणाऱ्याला तेवढीही उसंत नसते.

म्हणून कळकळीची विनंती आहे. राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथी महोत्सवाला किंवा गावच्या सप्ताहात तुमचं भजनी मंडळ बसेल, तेव्हा गायकाबरोबर खंजिरी, पेटी, तबला आणि टाळ वाजवणाऱ्यांची नावंही गावासकट माइकवरून सांगा. मोबाइलवर भजन टाकाल तर नावं लिहा आणि कॅमेरा थोडा वेळ वाजवणाऱ्याच्या हातांवर धरा. शिकणाऱ्या पोरांना बोटं दिसली पाहिजेत. मानधन देता, तर वादकालाही द्या, जाण्या-येण्याचा खर्च त्याच्या खिशातून होऊ देऊ नका. गावात जुना खंजिरीवाला असेल, तर त्याचे हात चालताहेत तोवर दोन मुलं-मुली त्याच्याकडे शिकायला बसवा.

यंदाच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायला जाईल, तेव्हा आधी एकदा वाचा. वाजवणाऱ्यांची नावं नसतील, तर छपाई थांबवा आणि ती घालूनच पुढे जा.