आठ आण्यांची मिसळ

आमच्या कबनूरच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी एक उलटा लिलाव चालतो. एकजण म्हणतो, "आमच्या वेळंला मिसळ रुपायाला हुती." दुसरा म्हणतो, "हॅट् मर्दा, बारा आणे!" तिसरा आठ आण्यांवर उतरतो. जो सर्वांत खाली येईल त्याला जास्त पावसाळे पाहिल्याचा मान! दशमान पैसे 1957 साली आले, चार आण्यांचं नाणं 2011 साली बाद झालं. पण कट्ट्यावर आणे अजून तेजीत आहेत.

या लिलावात मीही बोली लावलेली आहे. शेजारच्या इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग बसला, आणि पुढे तो खडखडाट आमच्या गल्लीबोळांतही शिरला. पाळी सुटली, की कापसाचे तंतू केसांत घेऊन कामगार हॉटेलात येत. तांबडाभडक कट, वर फरसाण, आणि "कट वाढा की!" म्हटलं की आणखी एक डाव फुकट. 1972 साली आठ आणे!

पण मंडळी, ती एवढी स्वस्त होती, तर आपण ती खाल्ली किती वेळा? मला आठवड्याला पाच पैसे मिळत. आम्ही चौघांनी मिळून साठवले, तरी एका प्लेटला तीन आठवडे लागत. भाव तेवढा आपल्या लक्षात राहिला. रिकामा खिसा मात्र सोयीस्करपणे विसरलो!

दुसरी गोष्ट याहून तिखट. टेबलावर फडकं मारणारा पोऱ्या चौथीपर्यंत माझ्याच बाकावर बसायचा. मी पाचवीत गेलो, तो कपबश्यांत गेला. दिवसभर पाण्यात राहून त्याची बोटं पांढरीफटक पडत. मिसळ आठ आण्यांत परवडत होती ती अशी. वरचे पैसे तो भरत होता. हॉटेलात चौदा वर्षांखालची मुलं ठेवायला बंदी आली ती ऑक्टोबर 2006 मध्ये. तेव्हा आम्ही दोघंही चव्वेचाळिशीत होतो.

आजचा भाव ऐकून मलाही ठसका लागतो. पण जुन्या स्वस्ताईचे गोडवे गाणाऱ्यांनी भावाबरोबर मजुरीही सांगावी, आणि कपबश्या कोण विसळत होतं तेही. मग खुशाल चार आण्यांपर्यंत उतरावं!

तो पोऱ्या आजही आमच्याबरोबर कट्ट्यावर बसतो. लिलावात कधी बोलत नाही. परवा मी विचारलं, "का रं, तुला भाव आठवत न्हाई व्हय?"

"आठवतोय की," तो म्हणाला. "चव तेवढी ठावं न्हाई."