निष्कर्ष ग्रामसभेपर्यंत न्या

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव घना राष्ट्रीय उद्यानात 1982 साली गुरे चारायला बंदी झाली. म्हशींनी पाणथळ तुडवली तर पक्षी टिकणार नाहीत, ही तेव्हाच्या संवर्धकांची प्रामाणिक समजूत होती. बंदीवरून गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबारात माणसे गेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा दीर्घ अभ्यास तेव्हा तिथे चालूच होता. दशकभराच्या नोंदींतून जे निघाले ते समजुतीच्या नेमके उलट होते. चराई थांबल्यावर पास्पालम गवत माजले, उघडे पाणी झाकले गेले, मासे घटले आणि पाणपक्ष्यांनाही त्याचा फटका बसला. गवत आवरण्याचे काम म्हशी करत होत्या. संवर्धनाच्या गोटातूनच हा निष्कर्ष आला आणि तो उघडपणे मांडला गेला. परिसरशास्त्राचा समाजाला उपयोग काय, असे कोणी विचारले की आम्ही भरतपूरचा दाखला देतो. गावकऱ्यांचे म्हणणे पटायला मात्र माणसांचे जीव जायला नको होते.

हा निष्कर्ष वर्षानुवर्षे त्याच तळ्याकाठी जाऊन मोजणी केल्यामुळे हाती आला. आज आपल्याकडे अशा कामाला पैसा नाही आणि सबुरीही नाही. पर्यावरणीय आघात अहवालांचेच पाहा. बहुतेक प्रकल्पांसाठी एकाच हंगामाची पाहणी पुरते आणि तो हंगाम पावसाळा सोडून निवडलेला असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सड्यावर एप्रिलमध्ये गेलेल्या माणसाला तापलेला कातळच दिसणार. जूनमध्ये तिथे दीपकाडी उमलते, पुढे गेंद आणि सीतेची आसवे फुलतात, कातळातल्या डबक्यांत बेडूक अंडी घालतात. दिवाळीनंतर हा सगळा संसार जमिनीखाली बी-कंदांत दडतो. उन्हाळी पाहणीवरून ‘वनस्पती विरळ’ असे लिहिणाऱ्याने डोळ्यांना दिसले तेच लिहिले असेल, तरी तो अहवाल खोटाच ठरतो. अशा कागदावर सही करणारे पुष्कळदा आपल्याच क्षेत्रातले पदवीधर असतात. पावसाळी नोंद नसेल तर सही करू नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या माळरानांची कथा वेगळी नाही. लांडगा, खोकड, तणमोर आणि धनगरांची मेंढरे ज्या गवतावर जगतात, ती जमीन सरकारी दप्तरात पडीक म्हणून पडून असते. मग तिथे चर खणले जातात, गिरिपुष्पाची रोपे लागतात आणि हिरवाई वाढल्याचे फोटो छापून येतात. पवन्या, मारवेल गेल्यावर मेंढपाळाने काय करायचे, याचे उत्तर त्या फोटोंत नसते. हे आपल्याला ठाऊक आहे, आपण त्यावर लिहिलेही आहे. पण लिहिले ते इंग्रजी नियतकालिकांत. सरपंच, तलाठी आणि वनरक्षक यांच्यापर्यंत त्यातले काही पोहोचले नाही, आणि खड्डे कुठे घ्यायचे हे तर तेच ठरवतात.

जैवविविधता कायदा 2002 चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. अनेक गावांत ही वही मुदत गाठण्यासाठी घाईने भरली गेली. एका गावाची यादी दुसऱ्या गावाला जोडलेली सापडते, गुराखी आणि वैदू यांना कोणी विचारलेलेच नसते. आमचे वाचकांना एवढेच मागणे आहे की, आपण जिथे अभ्यास करता त्या गावाची नोंदवही मागून घ्या, समितीबरोबर बसून ती तपासा आणि आपले निष्कर्ष मराठीत दोन पानांत लिहून ग्रामसभेत वाचून दाखवा. लोकांचे आक्षेपही त्याच कागदावर उतरवून घ्या. अशी टिपणे आमच्याकडे पाठवा. शोधनिबंधांच्या आधीची पाने आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवू.