अरुंद वलय, लाखो मृत्यू: १८७६-७८च्या दुष्काळाचा दोष आभाळावर का ढकलता येत नाही

१/ १८७६-७८च्या महादुष्काळाविषयी अलीकडे एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. झाडांच्या खोडांतील वलयांनी आता सिद्धच केले आहे की त्या वर्षी मान्सून फसला होता. मग लाखो माणसे दगावली याचा दोष इंग्रज सरकारला कशासाठी द्यायचा? या युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा अर्धा भाग पहिल्यातून निघतच नाही. हा धागा त्या दोहोंमधील अंतराविषयी आहे.

२/ प्रथम झाडाची साक्ष नीट समजून घ्यावी लागते. सालीच्या आतल्या बाजूस वाढत्या पेशींचा एक पातळ थर असतो. वाढीच्या हंगामात हा थर आत नवे लाकूड तयार करतो. हंगामाच्या आरंभीचे लाकूड विरळ व फिकट असते, अखेरीचे दाट व गडद. हंगाम संपला की वाढ थांबते आणि दोन वर्षांच्या मध्ये सीमारेषा उमटते. जिथे पाण्यावर वाढ अवलंबून असते, तिथे पाणी मुबलक असलेल्या वर्षी वलय रुंद होते, पाणी तुटलेल्या वर्षी अरुंद.

३/ मात्र नुसती वलये मोजून काळ ठरत नाही. एखाद्या वर्षी वलय उमटतच नाही, एखाद्या वर्षी खोटी रेघ उमटते. कीड, वणवा, शेजारच्या झाडाची सावली यांमुळेही वाढ खुंटते. म्हणून एकाच परिसरातील अनेक झाडांचे रुंद-अरुंद वलयांचे क्रम एकमेकांशी ताडून पाहिले जातात. सर्व झाडांत एकाच वर्षी उमटलेली खूण हवामानाची मानली जाते. एकाच झाडातली खूण त्या झाडापुरती. यासाठी झाड तोडावेही लागत नाही. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीहून बारीक नमुना काढला जातो.

४/ या शास्त्राचा पाया घालणारा ए. ई. डग्लस हा मूळचा खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राचा पृथ्वीच्या हवामानाशी संबंध आहे का, हा त्याचा प्रश्न होता. तेवढ्या जुन्या पर्जन्यनोंदी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात नव्हत्याच. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी तो अ‍ॅरिझोनातील पाइन वृक्षांकडे वळला. सूर्याचे कोडे त्याला मनाजोगते सुटले नाही. इतिहासकारांच्या हाती मात्र एक नवे साधन आले.

५/ पुएब्लो लोकांच्या प्राचीन वस्त्यांतील तुळयांवरून डग्लसने वलयांचा एक लांब क्रम जुळवला होता. पण तो जिवंत झाडांच्या क्रमाशी सांधला जात नव्हता. २२ जून १९२९ रोजी अ‍ॅरिझोनातील शो लो या गावी जळक्या तुळईचा एक तुकडा सापडला. ‘एचएच-३९’ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या त्या तुकड्याने दोन्ही क्रम जोडले आणि अनेक वस्त्यांची वर्षे एकदम निश्चित झाली. त्याच क्रमात १२७६ ते १२९९ या काळातील अरुंद वलयांची सलग रांग दिसली. या ‘महा-अवर्षणा’कडे पुढे पुन्हा यावे लागेल.

६/ भारतात हे काम अवघड आहे, कारण उष्ण कटिबंधातील बहुतेक झाडांत वार्षिक वलये स्पष्ट उमटत नाहीत. साग हा महत्त्वाचा अपवाद. तो कोरड्या ऋतूत पाने गाळतो आणि पावसाळ्यात वाढतो. जावातील सागाच्या वलयांवरून बर्लागे या डच शास्त्रज्ञाने १९३१ सालीच १५१४पर्यंत मागे जाणारा क्रम प्रसिद्ध केला होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी केरळातील सागाचा १४८१ ते २००३ असा ५२३ वर्षांचा क्रम २०१० साली मांडला. एल निनो, दुबळा मान्सून आणि अरुंद वलये यांचा संबंध त्यात स्पष्ट दिसतो.

७/ त्याच २०१० साली आशियातील तीनशेहून अधिक वृक्षवलय-क्रम एकत्र करून मान्सून आशियाचा अवर्षण-नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. १३००पासूनच्या प्रत्येक वर्षाच्या उन्हाळी-पावसाळी ओलाव्याचा अंदाज त्यात आहे. ज्या चार मोठ्या ऐतिहासिक अवर्षणांवर संशोधकांनी विशेष भर दिला, त्यांत १८७६-७८चे एक आहे. चीनच्या मिंग राजवटीच्या अखेरचे १६३८-४१चे अवर्षणही त्याच यादीत आहे.

८/ म्हणून ‘पाऊस ठीकच होता, सारा दुष्काळ इंग्रजांनी घडवला’ हे विधान टिकत नाही. देशाभिमानाच्या भरात ते करणाऱ्यांनी झाडांची साक्ष मान्य केली पाहिजे. १८७६ साली दख्खनवर पावसाने दगा दिला. १८७७ साली प्रबळ एल निनो होता. त्याच सुमारास उत्तर चीन आणि ब्राझीलचा ईशान्य भागही होरपळला. हे नैसर्गिक संकट खरे होते, प्रचंड होते.

९/ पण झाड साक्ष देते ती एवढीच की मुळांना पाणी मिळाले नाही. बाजारात ज्वारी काय भावाने विकली जात होती, खेड्यातील मजुराच्या हाती किती पैसे होते, धान्य कोणत्या बंदरातून बाहेर गेले, दुष्काळी कामावर किती मजुरी मिळाली, यांतले काहीही वलयात उमटत नाही. अवर्षण ही हवामानाची घटना आहे. भूकबळी ही समाजाची आणि राज्यकारभाराची घटना आहे. पहिलीच्या पुराव्यावर दुसरीचा निकाल लावणे ही इतिहासाच्या पद्धतीतील ढोबळ चूक आहे.

१०/ पाऊस फसण्यापूर्वीचे दख्खन पाहावे. अमेरिकन यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले होते; सारा आणि सावकाराचे कर्ज मात्र तसेच होते. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि ‘दख्खनचे दंगे’ सुरू झाले. पुढच्या वर्षी मान्सून फसला तो आधीच कंबरडे मोडलेल्या शेतकऱ्यावर. ही पूर्वपीठिका कागदपत्रांत आहे, खोडात नाही.

११/ मग सरकारने काय केले? व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या शासनाने धान्यव्यापारात हस्तक्षेप न करण्याचे धोरण कायम ठेवले. निर्यातबंदी झाली नाही. त्याच संकटकाळात युरोपकडे विक्रमी गहू गेला. तो सुमारे ६४ लाख हंड्रेडवेट, म्हणजे सव्वातीन लाख टनांच्या आसपास होता, असे सांगितले जाते. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणीला ‘कैसर-ए-हिंद’ घोषित करणारा दिल्ली दरबारही थाटात पार पडला.

१२/ जानेवारी १८७७मध्ये सर रिचर्ड टेंपल यास दुष्काळी भागाच्या पाहणीसाठी पाठवण्यात आले. खर्चात काटकसर हा त्याचा मुख्य आग्रह होता. दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी दिवसाला १ पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर १ आणा इतकी खाली आणली गेली. दिवसभर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या माणसासाठी हे अन्न होते. मद्रासचा आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश याने ते श्रमिकाला अपुरे असल्याचे सरकारला सुनावले. ही टीका दीडशे वर्षांनंतर सुचलेली नाही. ती त्याच वर्षी, सरकारच्याच अधिकाऱ्याने केली होती.

१३/ मुंबई इलाख्यात विरोध खालून उभा राहिला. मजुरी कापल्यावर हजारो माणसांनी दुष्काळी कामे सोडली. उपाशी माणसांनी उपासमारीच्या मजुरीविरुद्ध पुकारलेला हा संप होता. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा केली आणि सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. वासुदेव बळवंत फडके यांनी याच काळात दुष्काळी मुलूख पाहिला. १८७९ साली त्यांनी बंड पुकारले. त्या पिढीला पाऊस कमी पडला हे ठाऊक होते. तरीही तिने जाब आभाळाला विचारला नाही.

१४/ ‘एवढ्या मोठ्या अवर्षणात कोणतेही सरकार हतबलच झाले असते’, हा सर्वांत गंभीर आक्षेप. त्याचे उत्तर त्याच टेंपलच्या कारकिर्दीत आहे. १८७३-७४ साली बिहारमध्ये पाऊस फसला. तेव्हा सरकारने ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणला, उदारपणे मदत वाटली आणि भूकबळी जवळजवळ झालेच नाहीत. या मदतकार्यात टेंपल आघाडीवर होता. त्याबद्दल त्याच्या वाट्याला मुख्यतः उधळपट्टीचा आरोप आला. तीन वर्षांनी तोच टेंपल दख्खनमध्ये काटकसर शिकवत होता, आणि १८७७ सालीच तो मुंबईचा गव्हर्नर झाला.

१५/ बिहारचे संकट विस्ताराने लहान होते, दख्खन-मद्रासचे अवर्षण अधिक व्यापक आणि अधिक लांबलेले होते, हे मान्य करावेच लागते. सारे मृत्यू टळले असते असे कोणी म्हणू नये. पण कामकऱ्याचे अन्न कापणे आणि निर्यात चालू ठेवणे हे अवर्षणाचे परिणाम नव्हते. ते निर्णय होते. ब्रिटिश मुलुखातच पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. पुढे १८८०च्या दुष्काळ आयोगानेही देशात एकंदर धान्य पुरेसे असल्याचे आणि खरा प्रश्न मजुरी बुडाल्याचा असल्याचे नोंदवले. दुष्काळसंहिता त्यातूनच आली.

१६/ महाराष्ट्रातील घराघरांत आठवणीत असलेला दाखला १९७२चा. सलग अपुऱ्या पावसाने विहिरी आटल्या, जनावरे मेली, लोकांनी लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. मे १९७३मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. कुपोषण आणि हालअपेष्टा पुष्कळ झाल्या, पण १८७७ची पुनरावृत्ती झाली नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात उभी राहिली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. खोडातले वलय दोन्ही वेळा अरुंदच उमटू शकते. गावातली प्रेतांची संख्या मात्र वेगळी होती.

१७/ दुसरी अडचण मापाची. आशियाचा तो अवर्षण-नकाशा सुमारे अडीच-अडीच अंशांच्या चौकटींचा आहे. एका चौकटीची बाजू अडीचशे किलोमीटरहून मोठी. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या माणदेशात पाचशेच्या आसपास. हे दोन्ही प्रदेश एकाच चौकटीत मावतात. खंडाचा पावसाळा समजून घेण्यासाठी हा नकाशा अनमोल आहे. एका तालुक्याच्या नशिबाचा निवाडा त्यावरून करता येत नाही.

१८/ वृक्षवलयांच्या अभ्यासकांनी हा धडा फार पूर्वी घेतला. डग्लसने १२७६-९९चे महा-अवर्षण दाखवल्यावर मेसा व्हर्दे परिसर पुएब्लो लोकांनी का सोडला याचे उत्तर मिळाले, असे अनेकांना वाटले. नंतरच्या संशोधकांनी त्याच वलयांवरून मक्याच्या उत्पन्नाचा वर्षवार हिशेब मांडला. त्या पडत्या काळातही ती जमीन बऱ्याच लोकांना पोसू शकली असती असे दिसले. तरीही सारे गेले. मग संघर्ष, सामाजिक विघटन, दक्षिणेकडील वस्त्यांचे आकर्षण यांचा विचार सुरू झाला. वलयांनी प्रश्न अधिक नेमका केला. समाजमाध्यमांवर मात्र आजही ‘अवर्षणाने संस्कृती संपली’ हे एकच वाक्य फिरते.

१९/ आपल्या इतिहासातही हाच मोह होतो. १६३०-३२चा दुष्काळ घ्यावा. पाऊस फसला हे खरे. पण त्याच वेळी शाहजहान बुऱ्हाणपुरास तळ देऊन होता आणि मोगल फौजा निजामशाहीशी लढत होत्या. फौजेने खाल्लेले धान्य कोणत्या वलयात मोजायचे? परंपरेने १३९६पासून सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ तर केरळच्या सागाच्या नोंदीआधीचा. तिथे तो साग गप्प आहे, आणि त्याच्या तोंडी शब्द घालणे हा पुराव्याचा गैरवापर ठरेल.

२०/ यावरून वृक्षवलये इतिहासकाराच्या कामाची नाहीत असा अर्थ कोणी काढू नये. उलट, त्यांच्यामुळेच जबाबदारीचा हिशेब चोख होतो. अवर्षण किती तीव्र होते हे स्वतंत्रपणे कळले, की एकाच तीव्रतेच्या दोन संकटांत कुठे माणसे वाचली आणि कुठे मेली याची तुलना करता येते. राज्यकर्त्यांना पावसाआड लपण्याची सोय त्यामुळे उरत नाही. जे साधन राज्यकर्त्यांच्या बचावासाठी पुढे केले जाते, तेच त्यांच्याविरुद्धचा भक्कम पुरावा ठरू शकते.

२१/ ‘झाडांनी सिद्ध केले’ असे वाक्य पुढे कुठे आढळले, तर तीन प्रश्न विचारावेत. झाड कोणते आणि कुठले? त्याच्या वलयाने मोजले काय: पाऊस, ओलावा की तापमान? आणि मोजलेल्या गोष्टीपासून माणसांच्या मृत्यूपर्यंतचा मार्ग कोणत्या कागदपत्रांनी दाखवला आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ते विधान हवामानाचे आहे, इतिहासाचे नाही.

२२/ मान्सून यापुढेही फसणार आहे, आणि प्रत्येक वेळी ‘निसर्गापुढे इलाज नाही’ हे वाक्य कोणीतरी तयार ठेवणार आहे. १८७७च्या दुष्काळी कामावरील मजुराने ते स्वीकारले नाही. त्याच्या मजुरीचा, त्याच्या संपाचा आणि सार्वजनिक सभेच्या अर्जांचा पुरावा दप्तरांत आहे. सागाच्या वलयाबरोबर तो पुरावाही वाचला जावा, एवढी त्या मेलेल्या माणसांची मागणी रास्त आहे.