पेरणीचा पैसा नर्सरीत

या पानावर माझ्याकडून आपण बीजप्रक्रिया, उगवणशक्तीची चाचणी, ठिबकचे अनुदान असे विषय वाचत आला आहात. आजचा विषय जरा निराळा आहे. पण तो शेताच्या बांधावरच निघाला, म्हणून तो इथेच मांडतो.

गोष्ट जूनमधली. पाऊस शंभर मिलिमीटरच्या वर गेला होता, जमिनीत ओल चांगली होती आणि माझ्याकडच्या गावांत सोयाबीनची पेरणी धरली होती. तीन एकरवाल्या एका शेतकऱ्याच्या रानात मी गेलो. बियाणे घरचे, चाळलेले, उगवण तपासलेली, रायझोबियम लावलेले. मनात म्हटले, हा आपला खरा विद्यार्थी. मग खताकडे नजर गेली. हेक्टरी साठ किलो स्फुरद धरले तर एकराला डीएपीची एक बॅग लागते, म्हणजे तीन बॅगा हव्यात. बांधावर दीडच बॅग होती.

"बाकीच्या कुठं?" मी विचारले.

"सायेब, बाकीच्या पोरीच्या शाळंत गेल्या," तो म्हणाला आणि हसला. हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

पोरगी साडेतीन वर्षांची. पाच किलोमीटरवर, डांबरी रस्त्याला लागून असलेल्या इंग्रजी शाळेत नर्सरीला घातली होती. फी वर्षाची चौदा हजार. गाडीचे महिन्याला सातशे निराळे. गणवेश, बूट, दप्तर, पुस्तकांचा संच त्याच शाळेतून घ्यायचा, तोही निराळा. निम्मी फी जूनमध्ये भरल्याशिवाय पोरीला बाकावर बसू देत नाहीत.

मी खताचा माणूस, मला हिशोब खतातच सुचतो. डीएपीची बॅग १,३५० रुपयांची धरली तर चौदा हजारांत दहा बॅगा येतात. त्या शेतकऱ्याच्या तीन एकरांची तीन वर्षांची डीएपी झाली. विक्रीच्या बाजूने बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. तो पुरता पदरात पडला तरी नुसत्या फीला अडीच क्विंटलांहून जास्त माल लागतो. हमीभाव किती जणांच्या पदरात पडतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. पीएम किसानचे सहा हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे सहा हजार मिळून वर्षाचे बारा हजार होतात. दोन्ही नर्सरीत ओतले तरी वर दोन हजार उरतातच, आणि गाडीभाडे राहिलेच.

नुकसान फीपुरते थांबत असते तर मी लिहायला बसलो नसतो. दीड बॅग कमी पडली की माणूस दुकानदाराकडे उधारी करतो. उधारी केली की दिवाळीला माल त्याच्याच काट्यावर घालावा लागतो, आणि भाव तो म्हणेल तो. म्हणजे जूनमधले सात हजार ऑक्टोबरात किती होतात, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे.

त्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. तो दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही. बायको दहावी शिकलेली, तिची इच्छा की पोरीने आपल्यासारखे कापसाच्या वेचणीला जाऊ नये. मी मात्र साहेबी थाटात बोलून गेलो, "अरे, गावात अंगणवाडी आहे की. फुकट आहे. तिथं का नाही घातली?"

तो म्हणाला, "सायेब, तुमची पोरगी कुठंय?"

माझी मुलगी तालुक्याच्या गावी नर्सरीत आहे. दोन खोल्यांची, वर पत्रा असलेली, भिंतीवर मिकी माऊस काढलेली नर्सरी. फी त्याच्या शाळेपेक्षा जास्तच. तेव्हा या लेखात मी तुम्हाला शहाणपण शिकवतो आहे असे समजू नका. आपण एकाच नावेत आहोत. फरक एवढाच की माझ्या नावेला वल्हे आहे.

ते वल्हे कोणते, तेही सांगतो. मी पगारदार. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दोन मुलांपर्यंतच्या शिकवणी फीची वजावट मिळते आणि तीत नर्सरी, बालवर्गही धरतात. ज्यांनी ती पद्धत ठेवली आहे त्यांचा कर तेवढा वाचतो. केंद्र सरकारच्या नोकरांना मुलांसाठी शिक्षण भत्ता असतो. २०२४ पासून तो मुलामागे दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे आहे आणि पहिलीच्या आधीच्या वर्गांनाही चालतो. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण जिथे करच नाही, तिथे वजावट कशातून मिळणार? म्हणजे नर्सरीच्या फीला सरकारची मदत या देशात आहेच. ती पगाराच्या वाटेने जाते. बांधाच्या वाटेने येत नाही, एवढेच.

आता कोणी म्हणेल, शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के जागा आहेत ना? आहेत, आणि त्यांची माहिती गावात फार कमी आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. २००९ च्या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळेला प्रवेशाच्या पहिल्या पायरीवर पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवाव्या लागतात. खुल्या गटातल्या दुर्बल घटकाला आपल्या राज्यात वार्षिक उत्पन्नाची एक लाखाची अट आहे. पण अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग, दिव्यांग बालके यांना उत्पन्नाची अट नाही. कितीतरी ओबीसी शेतकरी "आपलं उत्पन्न जास्त निघंल" म्हणून अर्जच करत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती. तो बदल मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा "ते बंद झालं" असे कोणी पारावर सांगत असेल तर ऐकू नका.

पण यात एक खाच आहे. कायद्यात असे आहे की शाळेला जोडून पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर त्यांच्या प्रवेशालाही हा नियम लागू. मात्र अर्ज भरताना ती शाळा आपली पहिली पायरी कोणती दाखवते, हे बघावे लागते. पहिली पायरी इयत्ता पहिली दाखवलेली असेल तर आधीची तीन वर्षे तुमच्या खिशातून. आणि नुसती नर्सरी, छोटा गट, मोठा गट चालवणारे सुटे वर्ग, ज्यांना पुढे शाळाच नाही, त्यांना हा नियम लागतच नाही. आपल्या भागात असे सुटे वर्गच जास्त. तेव्हा फी भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: शाळेला सरकारची मान्यता आहे का, आणि पंचवीस टक्क्यांचा प्रवेश कोणत्या वर्गापासून आहे? मिरचीचे रोप घेताना आपण ट्रे उलटा करून मुळी बघतो, पिवळे रोप परत करतो, परवाना आहे का ते विचारतो. लेकराच्या नर्सरीत मात्र बाहेरचा बोर्ड बघून पैसे मोजतो.

आता लेक लाडकी योजना घ्या. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरात १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर पाच हजार, पहिलीत गेल्यावर सहा हजार, सहावीत सात हजार, अकरावीत आठ हजार आणि अठरा पूर्ण झाल्यावर पंचाहत्तर हजार. योजना चांगली आहे, मी स्वतः चार घरांचे अर्ज भरून दिले आहेत. पण टप्पे नीट बघा. जन्म, आणि मग एकदम पहिली. मधली तीन ते सहा वर्षे कोरडी. योजनेतली अगदी पहिली मुलगी १ एप्रिल २०२६ ला तीन वर्षांची होते. ज्या वर्षी बापाच्या खतातून पैसे काढायची वेळ येते, त्याच वर्षासाठी तिच्या नावावर काही नाही.

माझे म्हणणे असे की इथे एक टप्पा घालावा. तिसऱ्या वर्षाचा. तो शाळेच्या नावाने नको, आईच्या खात्यावर हवा. शाळेला दिला की शाळा तेवढी फी वाढवणार. लेकरू अंगणवाडीत जावो की नर्सरीत, टप्पा मिळाला पाहिजे. मुलगा-मुलगी भेदही या वयात नको. आणि पैसे मेमध्ये यावेत, पेरणीच्या आधी. दिवाळीला आलेल्या हजाराची आणि मृगाच्या आधी आलेल्या हजाराची किंमत एक नसते, हे मंत्रालयात कोणी शेतकऱ्याच्या घरचा असेल तर त्याला कळेल.

पण नुसते सरकारकडे बोट दाखवून चालायचे नाही. अंगणवाडीचे काय?

कृषी संस्था आहे म्हणून कोसबाडचे नाव आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत असते. पालघर जिल्ह्यातली ही टेकडी. याच टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी लेकरांसाठी काम केले. त्याआधी १९४५ मध्ये जवळच्याच बोर्डीला त्यांनी बालवाडी काढली होती. वाडीवस्तीवरची गरिबाघरची लेकरे बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि ती झाली अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी तर शाळा कुरणात गेली. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यातल्या केंद्राचे नावही अंगणवाडीच. म्हणजे ही गोष्ट शिकण्यासाठी निघाली, खिचडी नंतर आली. आपण मात्र खिचडी ध्यानात ठेवली आणि शिकणे नर्सरीवाल्याला देऊन टाकले.

अंगणवाडीताईंना दोष देऊ नका. लेकरांची वजने, लसीकरणाचा दिवस, गरोदर मातांच्या नोंदी, मोबाइलवर पोषण ट्रॅकर, वर आणखी कोणते सर्वेक्षण निघाले की तेही त्यांच्याच गळ्यात. ४ डिसेंबर २०२३ पासून त्यांचा संप झाला, पन्नासहून जास्त दिवस चालला. त्या काळात माझ्याकडच्या दोन घरांनी लेकरे नर्सरीत हलवली, ती परत आली नाहीत. २०२४ मध्ये केंद्राने तीन ते सहा वर्षांसाठी 'आधारशिला' हा अभ्यासक्रम काढला आहे. कागद चांगला आहे. पण लेकराला बसायला कोरडी फरशी नसेल आणि मोजायला चिंचोके नसतील तर कागदाचे काय करायचे?

इथे सरपंच, उपसरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्याशी दोन शब्द. (ग्रामसेवकांचे नाव बदलले, तसे आमचेही कृषी सहाय्यकाचे सहायक कृषी अधिकारी झाले. मोटारसायकल तीच आहे.) ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, हे आपणास माहीत आहे. मार्च आला की त्यातून काय घेतले जाते, तेही गावाला माहीत आहे. स्टीलची भांडी, खुर्च्या, कधी एखादे शिलाई मशीन जे कोणाच्या तरी घरी जाऊन बसते. दोन वर्षे तरी ही रक्कम अंगणवाडीच्या छपराला, फरशीला, खेळण्यांना आणि चित्रांच्या पुस्तकांना लावून बघा. गळके छप्पर थांबले की जुलैतली हजेरी आपोआप वाढते, हे मी माझ्याकडच्या एका गावात डोळ्यांनी बघितले आहे. तिथल्या तीन घरांनी यंदा लेकरे नर्सरीत घातलीच नाहीत.

ज्यांनी फी भरायची ठरवलीच आहे, त्यांना दोन गोष्टी. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवताना पिकाच्या खर्चावर दहा टक्के काढणीनंतरच्या आणि घरखर्चाच्या गरजेसाठी धरतात. पिकाचा खर्च साठ हजार धरला असेल तर सहा हजार झाले. घरच्या गरजेला तेवढाच हात घाला, बियाण्या-खताच्या रकमेला नको. आणि मुदतीत भरा, कारण व्याजाची सवलत मुदतीत भरणाऱ्यालाच असते. दुसरे, नर्सरीवाल्याला एकेकट्याने भेटू नका. एका गावातल्या अकरा पालकांनी मिळून सांगितले की जूनमध्ये पाव फी देऊ, राहिलेली सोयाबीन विकल्यावर. तो आधी नाही म्हणाला. अकरा लेकरे म्हणजे त्याचा अर्धा वर्ग. दुसऱ्या दिवशी हो म्हणाला.

त्या दीड बॅगवाल्या रानात मी पुढे गेलो होतो. पीक उभे होते, पण शेंगा कमीच धरल्या. त्याला धाकटा मुलगा आहे, दोन वर्षांचा. गावची अंगणवाडी नीट झाली तर त्याला तिथेच घालतो म्हणाला. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा असते. तिच्यात छपराचा विषय मांडायचा, असे त्याच्या बायकोने ठरवले आहे. ठरावाचा मसुदा मी लिहून दिला आहे. आणखी कोणत्या गावाला हवा असेल तर मंगळवारी आठवडी बाजाराच्या दिवशी मी पंचायत समितीत असतो, येऊन घेऊन जावा.