मत वेगळं आहे? मग तर तुम्ही याच!

ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे जागतिक स्तनपान सप्ताह. पोस्टर, रांगोळ्या, घोषवाक्यं, फोटो. कॉलेजमधल्या एनएसएसच्या पोरापोरींनाही बोलावणं येतं. मग मागच्या बाकावर कुजबुज सुरू होते, 'आपल्याला हे सगळं पटतच नाही यार, आपण कसं जायचं?'

कुणाला वाटतं, डब्याचं दूध द्यायचं की नाही हे आईनं ठरवावं. कुणाच्या घरी बाळाला मध चाटवायची रीत आहे. कुणाला 'दूध पाजते तीच खरी आई' ही भाषाच खटकते. मलाही खटकते. तरी माझं म्हणणं आहे, बाळंतिणीला मदत करायच्या या कामात तुम्ही याच.

का, ते बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं, देशात १०० पैकी जवळपास ८९ बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण जन्मानंतर तासाभरात अंगावरचं दूध मिळतं ते १०० पैकी साधारण ४२ बाळांना. म्हणजे दवाखाना गाठला तरी काम संपत नाही. बाळाला छातीशी कसं धरायचं, हे शेजारी बसून दाखवणारं माणूस लागतं.

घरी आल्यावर आशाताई येतात. तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या असतात. पण 'वरचं दूध देते' म्हटलं की बोलणी खावी लागतील, या धास्तीनं बाळंतीण सरळ सांगून टाकते, 'अंगावरच पाजते ताई.' आणि डबा महिनाभर पुरावा म्हणून पावडर कमी, पाणी जास्त. पातळ दुधानं बाळाचं पोट भरतं, वजन वाढत नाही. बाटली नीट उकळली नसेल तर हगवण वेगळीच. तिनं हे मोकळेपणानं सांगावं असं वाटत असेल, तर समोर न रागावणारं माणूस हवं. डब्याच्या दुधाला पाप न मानणारे तुम्ही इथेच कामाचे!

पण एक अट आहे. मत वेगळं आणि माहिती वेगळी. पहिला पिवळसर चीक फेकायचा नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. वर्षाच्या आत मध नाही, त्यातून बोटुलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. इथे 'आमच्या घरी तर चालतं' चालणार नाही. पटत नसेल तर आधी डॉक्टरांशी भांडा, बाळंतिणीवर प्रयोग नको. तिनं कामावर कधी जावं, किती वर्षं पाजावं, ही मात्र तुमची मतं. ती खिशातच ठेवा.

कायदासुद्धा हाच फरक करतो. १९९२ च्या कायद्यानं बाळांच्या दूध पावडरची जाहिरात आणि फुकट नमुने वाटणं बंद केलं. तो कंपन्यांना अडवतो, डबा विकत घेणाऱ्या आईला गुन्हेगार ठरवत नाही. मग आपण का ठरवायचं?

आपण जिजाऊंच्या सिंदखेडराजाचा अभिमान सांगतो, आईला फार उंचावर बसवतो. पण नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा, आणि सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला जाणाऱ्या मायला रोज बुडाला की मजुरी गेली. तिला 'सहा महिने फक्त अंगावरचं' हे सांगणं सोपं आहे. लेकरू धुऱ्यावर सावलीत सोबत नेता येईल का, काढून ठेवलेलं दूध घरी कोण पाजेल, हे तिच्यासोबत बसून ठरवणं अवघड आहे. खरं काम तेच.

तर यंदा नुसती रांगोळी काढून परत येऊ नका. गावातल्या आशाताईंना, अंगणवाडीताईंना भेटा. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षणाबद्दल विचारा. दूध पुरतं की नाही हे ओळखायची खूण शिका: पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला निदान सहा वेळा शू करतं. कमी करत असेल, तर सल्ला देत बसायचं नाही, लगेच दवाखाना.

आणि पहिल्या भेटीत बोलणं तिच्याकडे सोपवा. तुमचं मत तिनं विचारलंच, तर मग सांगा.