घरकामाचा हिशेब देशाने ठेवावा

वर्षभरात देशात तयार झालेल्या अंतिम वस्तू आणि सेवांचे एकूण मूल्य म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजेच जीडीपी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ते मोजते. आमच्या मेसमधील आचाऱ्याचे काम या हिशेबात येते. घरी आई करते तो स्वयंपाक येत नाही.

नियम असा की पगारी काम धरायचे आणि घरच्यांनी घरच्यांसाठी केलेली सेवा सोडायची. त्या सेवेला बाजारात किंमत लागत नाही, असे कारण दिले जाते. मला ते पटत नाही. शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी ठेवलेले धान्य बाजारात जात नाही, तरी त्याची किंमत अंदाजाने धरतात. स्वतःच्या घरात राहणारा भाडे देत नाही, तरी तेही धरतात. सीमेचे रक्षण तर कोणीच विकत घेत नाही. तरीही सैन्याची सेवा जीडीपीत असते. तिचे मूल्य मुख्यतः वेतनाच्या खर्चावरून ठरते. मग घरकामाचे का ठरू नये?

1949 मध्ये महालनोबिस, गाडगीळ आणि राव यांची राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली, तेव्हा माहितीच अपुरी होती. आज तसे नाही. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात, पुरुष 88.

ही रक्कम जीडीपीत मिसळली तर आकडा फुगेल, आणि जो पैसा हातात येतच नाही त्यावर कर बसत नाही, असा आक्षेप आहे. तो योग्य आहे. म्हणून जीडीपी आहे तसा ठेवावा. शेजारी घरकामाचे वेगळे खाते दरवर्षी प्रसिद्ध करावे. कामाचे तास आणि त्याच कामाची मजुरी यांवरून ते मांडता येईल.

याचा उपयोग आहे. पाळणाघर बंद पडले की त्याचे उत्पन्न घटलेले दिसते. पण ती मुले सांभाळायला घरातल्या बाईचे किती तास गेले, हे दिसत नाही. जे दिसत नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कोण मागणार?

खाते निघायला वेळ लागेल. तोवर आपण कॅडेट एवढे करू शकतो: वसतिगृहात पलंग, कपडे, बूट आपणच आवरतो; सुट्टीत घरीही आपले काम आपणच करावे. पुढच्या सर्वेक्षणात 88 चा आकडा तरी वाढेल.